दिव्याभोवतीचं कडं

माझ्या मुलीची बुबुळं बारीक आहेत हे मला ती जन्मली त्याच दिवशी दिसलं होतं, आणि मी खूश झाले होते. सांगायला सुरुवात इथूनच करते. नाहीतर लोक मधेच तोंड वासून विचारतात, "अहो, मग तुमच्या आधीच कसं लक्षात आलं नाही?" आलं होतं ना! लक्षात आलं, वर गावभर बर्फी वाटली आम्ही.

माझं माहेर कवठे महांकाळकडचं. आमच्याकडं उन्हाळा लागला की टँकरची वाट बघत घागरी घेऊन उभं राहायचं, एवढंच काम. लग्न होऊन उंब्रजजवळच्या गावात आले, तर दारातून बघावं तिकडं ऊस. मैत्रिणी म्हणाल्या, नशीब काढलंस गं. नवरा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीला येणारा. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्या भागात सासूला तसंच म्हणतात. मी बारावी झालेली, म्हणून लग्नानंतर दोन वर्षांत गावच्या अंगणवाडीत सेविका म्हणून लागले. पोरांची वजनं घ्यायची, लस कुणाची राहिली ते बघायचं, आयांना शिव्या घालायच्या. शेवटचं काम मला चांगलं जमायचं.

आणि घरात आणखी एक बाई होती. जिजी. माझी आजेसासू. मी आले तेव्हा तिला जाऊन दहा वर्षं झाली होती, पण बोलण्यात ती रोज असायची. सोप्यात तिचा फोटो होता. मोठ्या पांढऱ्या डोळ्यांत मधोमध एवढंसं काळं बुबुळ, बारकी टिकली लावावी तसं. तिची गोष्ट मला पहिल्या आठवड्यातच सांगितली गेली. जिजीला म्हणे देवघरातल्या समईभोवती रंगीत कडं दिसायचं. लाल, हिरवं, निळं. "आईसाहेब कडं घालून बसल्यात," असं ती म्हणायची, आणि बाया येऊन तिच्या पाया पडायच्या. पुढं चाळिशीतच तिची दृष्टी गेली. तर लोक म्हणाले, देवीनं एवढं दाखवलं, आता आणखी काय बघायचं राहिलं? हे सगळं आत्या कौतुकानं सांगायच्या. जिजी महिन्यातून दोनदा तरी डोकं आवळून ओकाऱ्या काढायची, हेही सांगायच्या. पण ते पित्त. त्याचा दिव्याशी काय संबंध?

कराडच्या दवाखान्यात मला मुलगी झाली. दुसऱ्या दिवशी आत्यांनी तिला मांडीवर घेतलं, ती डोळे उघडते का बघत बसल्या, आणि एकदम ओरडल्या, "आगं बया! जिजी आली की गं माघारी!" शेजारच्या खाटेवरची बाई दचकून उठली. मी वाकून बघितलं, तर खरंच, फोटोतले डोळे. मुलगी झाली म्हणून घरात कोण तोंड वाकडं करील ही माझी भीती त्या क्षणी गेली. तिच्या डोळ्यांनी मला वाचवलं असं मला वाटलं. हे मी विसरू शकत नाही.

ती पाच वर्षांची असताना माझ्याच अंगणवाडीत तपासणीचं पथक आलं. नवीन लागलेली एक डॉक्टरीण होती, कोवळी पोर. तिनं सगळ्यांच्या डोळ्यांत बॅटरी मारली. माझ्या मुलीपाशी जरा थांबली, परत बघितलं, आणि चिठ्ठी लिहून दिली, "बुबुळ लहान. डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवणे." आता माझं ऐका. असली चिठ्ठी मिळालेल्या एका बाईच्या दारात मी तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ उभी राहिले होते. "पोराचं वाटोळं करायचंय का तुला?" असं चारचौघांत तिला बोलले होते. ती रडली, पण गेली. आणि माझ्या हातात चिठ्ठी आली तेव्हा मी ती घरी नेऊन आत्यांना दाखवली. त्या हसल्या. "फाड त्यो कागूद. घरचं डोळं हायती ते. त्या पोरीला काय ठावं?" मी फाडली नाही. एवढी काय मी अडाणी नव्हते. मी ती हजेरीच्या वहीच्या कव्हरात सरकवली, आणि वही बदलली की चिठ्ठीही नव्या कव्हरात घालत गेले. आठ वर्षं.

शाळेत तिला फळ्यावरचं दिसायचं, पण पुस्तक वाचताना डोळे दुखायचे. कराडला चष्म्याच्या दुकानात नेलं, तिथं नंबर काढून जाड भिंगाचा चष्मा दिला. त्या भिंगांतून तिचे डोळे मोठे दिसायचे. मला बरं वाटलं. फोटोत छान यायचे.

ती दहा वर्षांची झाली त्या नवरात्रात, तिसऱ्या का चौथ्या माळेला, देवघराच्या उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "मम्मी, समईला इंद्रधनुष्य लागलंय बघ." आत्यांच्या हातातलं ताट खाली पडलं. त्यांनी नातीच्या पायावर डोकं ठेवलं. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो भीतीचा नव्हता. मी माहेरी फोन करून सांगितलं, आईनं तिकडनंच हात जोडले असतील.

तिथून पुढं नवरात्रात तिची जागा ठरली. घटासमोर, आत्यांच्या शेजारी. आमचं देवघर म्हणजे स्वयंपाकघरामागची बिनखिडकीची खोली. त्यातला बल्ब आत्या बंद करायच्या, कडं नीट दिसावं म्हणून. अंधारात समई, धूप, आणि माझी पोरगी पाटावर बसलेली. गल्लीतल्या बाया यायच्या, विचारायच्या, "दिसतंय का गं?" ती म्हणायची, "दिसतंय." खो-खोत सारखी धडपडणारी, कुणी खेळायला न घेणारी पोर. तिला मान मिळत होता. तिला आवडायचं ते, का नाही आवडणार? नवरात्र संपलं तरी ती संध्याकाळी आपणहून जाऊन बसायची. बाहेर आली की कधी कधी डोकं धरायची, उलटी करायची. मी कोकमाचं सरबत द्यायचे. पित्त आमच्या घरात आहेच, म्हणायचे.

ती तेरा वर्षांची झाली त्या वर्षी सातव्या माळेला दुपारी तिचा उजवा डोळा दुखायला लागला. साधं दुखणं नाही, पोर भिंतीवर डोकं आपटायला लागली. डोळा लालबुंद, बाहुली धुरकट झालेली. ओकून ओकून पोटात काही राहिलं नाही. आत्या म्हणाल्या, "आईसाहेब कडक हायत, जरा सोसायला लागंल." मी काय केलं? ओल्या फडक्याच्या पट्ट्या ठेवल्या. दुकानातनं डोकेदुखीची गोळी आणून दिली. आठव्या माळेला पण तेच. मी, जी गावातल्या आयांना शहाणपण शिकवते, ती मी दोन दिवस पट्ट्या बदलत बसले. नवव्या माळेच्या सकाळी दुखणं जरा कमी झालं, आणि तिनं डावा डोळा हातानं झाकला. म्हणाली, "मम्मी, ह्या डोळ्यानं दिवा दिसत न्हाई."

कराडच्या डॉक्टरनं पाच मिनिटं बघितलं आणि त्याच दिवशी सांगलीला जा म्हणून सांगितलं. शेजाऱ्यांच्या गाडीतून गेलो. सांगलीच्या डॉक्टर बाई वयस्कर होत्या, कमी बोलणाऱ्या. पोरीच्या डोळ्यात थेंब टाकून त्यांनी कंपासपेटीत असावं तसलं एक बारकं साधन घेतलं आणि बुबुळाची रुंदी मोजली. मग परत मोजली. म्हणाल्या, "डोळ्याच्या पुढची काच जन्मापासून लहान आहे. फार कमी मुलांत असतं हे." मग कागदावर डोळ्याचं चित्र काढून सांगितलं. डोळ्यात पाणी तयार होतं आणि कडेच्या बारीक वाटेनं निघून जातं. हिच्या डोळ्यात पुढची जागाच चिंचोळी, त्यामुळं वाट बंद होते. पाणी तुंबतं, दाब वाढतो आणि मागची नस मरते. काचबिंदू. गेलेली नस परत येत नाही.

मी मान हलवत होते. पाटाचं दार लागलं की पाणी कसं तुंबतं हे आमच्या गावात लहान पोराला पण कळतं.

मग त्यांनी विचारलं, "अंधारात फार बसते का? अंधारात बाहुली मोठी होते, तेव्हा ही वाट जास्त बंद होते."

मी म्हणाले, "देवघरात बसते."

"दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं असं कधी म्हणाली होती?"

शेजारी पोरगी बसलेली, डोळ्यावर पट्टी. "व्हय," मी म्हणाले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली."

"मग तुम्ही काय केलंत?"

काय सांगू? खोटं सुचलं असतं तर बोलले असते. मी म्हणाले, "पाया पडलो." डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडं बघत राहिल्या. रागावल्या नाहीत. चांगल्या ओरडल्या असत्या, कानाखाली वाजवली असती, तर मला बरं वाटलं असतं. शेवटी एवढंच विचारलं, "घरात आणखी कुणाचे असे डोळे होते?" मी जिजीचं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

उजवा डोळा गेला तो गेला. डाव्याची पण बरीच नस आधीच मेलेली होती, पोरीला कळलंही नव्हतं. डाव्यावर लेझर झालं, मग ऑपरेशन झालं. एवढ्या लहान डोळ्यात ऑपरेशनचा पण धोका, असं आधीच सांगून सही घेतली. रोज ठरल्या वेळी थेंब. बाई म्हणाल्या, "आता जेवढं उरलंय तेवढं राखायचं. बस." त्या दिवसापासून माझ्या आयुष्याला दुसरं काम उरलं नाही. डावा डोळा राखायचा.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा वहीच्या कव्हरातली ती चिठ्ठी काढली. घड्यांवर फाटली होती, पण अक्षर वाचता येत होतं. ती घेऊन मी आत्यांसमोर उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. "तुमची जिजी काय देवी-बिवी नव्हती. ह्याच रोगानं आंधळी झाली ती! आणि तुमी माझ्या लेकराला अंधारात बसवलंत!" जसं काही मी त्यांना कधी अडवलं होतं. आत्या आधी भांडल्या, "डॉक्टरला काय देव दिसतोय व्हय?" मग म्हणाल्या, "म्हंजी मी माझ्या नातीचं वाईट केलं? मी?" दोन दिवस त्यांनी अन्नाला हात लावला नाही. नवरा सुट्टी काढून आला. त्याचंही बुबुळ मोजलं, तेही जरा लहानच निघालं, पण त्याला त्रास नव्हता. घरी येऊन त्यानं जिजीचा फोटो उतरवून माळ्यावर टाकला. तो परत गेल्यावर आत्यांनी तो पुसून परत लावला. मी बघितलं आणि काही बोलले नाही.

कारण पोरीनं मला अडवलं होतं. म्हणाली, "मम्मी, आज्जीला नको बोलूस. तिला वाटतं मी जिजी हाय, वाटू दे की. माझं काय जातंय?" तेरा वर्षांची पोर. मला वाटलं, किती समजूतदार गं माझी लेक. त्यातलं वाईट काय ते मला दिसलं नाही. पोर सगळ्यांना सांभाळायला शिकत होती. मला पण.

चार वर्षं आम्ही सांगलीच्या वाऱ्या केल्या. उंब्रजहून कराड, कराडहून इस्लामपूरमार्गे सांगली, दर तीन महिन्यांनी. दवाखान्यात एक यंत्र आहे. त्यात तोंड घालून बसायचं, आत कुठंही ठिपका लुकलुकला की हातातलं बटण दाबायचं. मी बाहेर बाकावर बसून बटणाचा टकटक आवाज मोजायचे. दर खेपेला आवाज कमी यायचा. मग छापून कागद यायचा. जिथं दिसत नाही तिथं काळं. काळं कडेनं आत सरकत होतं. मी थेंबाची एक वेळ चुकवली नाही, घड्याळ लावून उठायचे, लग्नाकार्याला गेले तरी बाटली बर्फात घेऊन. काही फरक पडला नाही. बाई म्हणायच्या, "तुमची काही चूक नाही." आता! आता नव्हती माझी चूक.

यंदा श्रावणात गेलो तेव्हा कागदावर मधोमध पांढरं एवढंसंच उरलं होतं. जिजीच्या बुबुळाएवढं. डॉक्टर बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, दसऱ्यानंतर परत या, पण तोवर रोज विचारत राहा. काही कमी वाटलं तर दुसऱ्याच दिवशी निघा. म्हणून रोज सकाळी मी दारात, उजेडात तिच्यासमोर उभी राहायचे आणि बोटं दाखवायचे. "किती?" ती म्हणायची, "तीन." बरोबर असायचं. मी चहा टाकायला जायचे. त्या एका शब्दावर माझा अख्खा दिवस निघायचा. आहे अजून. थोडं का होईना, आहे.

यंदाच्या पहिल्या माळेची गोष्ट. सकाळी बोटं दाखवली, "तीन" म्हणाली. मी घट बसवायच्या तयारीला लागले. डॉक्टरांनी सांगितल्यापासून देवघरात ट्यूब कायम चालू असते. पत्रावळीवर माती पसरली, धान्य पेरलं, घट ठेवला, समईत तेल घातलं, वाती भिजवल्या. आत्या आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेत, ऑपरेशनला दिवाळीनंतर बघू म्हणतात. त्यांना आता माणूस आवाजावरनंच कळतं. पोरगी भिंतीला हात लावत आली आणि तिच्या जुन्या पाटावर बसली. मला ते आवडत नव्हतं, पण आजीचं मन राखायला वर्षातून एकदा ती बसते.

भादव्यातल्या पावसानं काड्यापेटी सादळली होती. पहिली काडी ओढली ती मोडली. दुसरी फर्रकन वाजली, गूल घसरून खाली पडला, पेटली नाही. मी पेटी कोरड्या पदराला पुसत होते. तेवढ्यात आत्यांनी हात जोडले आणि शेजारी वळून विचारलं, "दिसतंय का गं कडं?"

पोरीनं समईकडं तोंड केलं. अगदी बरोबर समईकडं. हसली आणि म्हणाली, "दिसतंय की, आज्जी. औंदा लय मोठं हाय."

आत्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "आई गं, माझे आई," म्हणत त्यांनी जमिनीला डोकं टेकलं.

मी तिथंच उभी होते, हातात मोडकी काडी. वाती तेलात भिजून पडल्या होत्या, कोरं पितळ ट्यूबखाली चमकत होतं. आधी मला वाटलं, आजीसाठी बोलली. पण आजीसाठी बोलायचं तर समई पेटायची वाट तरी बघितली असती. तिनं काडीचा आवाज ऐकला होता. फक्त आवाज. आणि मग मला रोजची सकाळ आठवली. अंगणवाडीत पोरांना एक, दोन, तीन शिकवून शिकवून माझा हात घाईत तीन बोटांवरच उठतो. रोज तीनच दाखवत होते मी. श्रावणापासून एकदाही चार दाखवली नाहीत, एकदाही मूठ दाखवली नाही. कधीपासून ती सवयीनं "तीन" म्हणत होती, मला माहीत नाही. मी चहा टाकायला आनंदानं जावं म्हणून.

आत्या जमिनीवर डोकं टेकवून पुटपुटत होत्या. समई तर लावायला पाहिजे होती. मी पेटीतली तिसरी काडी काढून ओढली, आणि तो आवाज ऐकून माझ्या पोरीनं मान खाली घातली.